बोटीवरची चूल

लवू पराडकर एकतीस वर्षं बोटींवर स्वयंपाक करत होता, पण स्वतःच्या घरात त्याने कधी पाण्याचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं. मालवणपासून चालत अर्ध्या तासावर, वायरीत त्याचं घर. दीड-दोन वर्षांनी एकदा तीन महिन्यांच्या रजेवर यायचा, तेव्हा त्याची बायको यशोदा त्याला पाटावर बसवून वाढायची. पाहुण्यासारखं यायचं, पाहुण्यासारखं खायचं आणि रजा संपली की ट्रंक उचलून आगबोटीने मुंबई गाठायची, असं आयुष्य गेलं.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर तो कायमचा घरी आला. गुडघे धरले होते, कंपनीने निरोप दिला होता. पहिले पंधरा दिवस पाहुणचार नेहमीसारखा झाला. बांगडे, सुरमई, सोलकढी, घावणे. तिसऱ्या आठवड्यात मात्र यशोदेला तो पायात पायात यायला लागला. सकाळ झाली की लवू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा आणि आत बघत बसायचा.

"त्याल अजून तापाक नाय," तो म्हणायचा.

"तुमी भायर बसा बघू," यशोदा म्हणायची.

बाहेर बसून करायचं काय? माड होते पाच-पंचवीस, त्यांवर चढून नारळ काढायला, काळजी घ्यायला पाडेली होता. एकुलती एक मुलगी जानकी आचऱ्याला दिलेली. लवूच्या हातांना कामाची सवय. पहाटे चारला उठून तीनशे माणसांची न्याहारी काढलेला माणूस. आणि इथे त्याला कोणी कांदासुद्धा चिरू देईना.

त्यातच स्वयंपाकघर नवं करायची वेळ आली. मागची खोली जुनी होती, छप्पर इतकं खाली की लवूला वाकून आत जावं लागे. गेल्या पावसात समुद्राकडच्या भिंतीला पोट सुटलं होतं. गाठीला पैसे होते, तेव्हा त्याने ठरवलं की चिरेबंदी भिंती, वर मंगळुरी कौलं आणि आत उभ्याने काम करता येईल असा सिमेंटचा ओटा करायचा. कट्टा गावाहून गणपत गवंडी आला. गणपत कामाला चोख होता. एकच खोड, कोणी काहीही सांगितलं तरी तो "होय" म्हणायचा.

लवूने सिमेंटच्या रिकाम्या पिशवीच्या कागदावर पेन्सिलीने नकाशा काढला. भिंतीलगत एक लांबट चौकोन होता.

"हयसर मोठी चूल येतली," त्याने गणपतला सांगितलं.

"कसली मोठी?"

"येतली तेव्हा बघ. जुन्या चुलीक जागा ठेवची नाय."

"होय," गणपत म्हणाला.

मोठी चूल कुठून येणार हे तोवर लवूलाही नीट ठाऊक नव्हतं. पण बोटीवर ज्या लोखंडी चुलीशी त्याने जन्म काढला, तसली एखादी आपल्या घरात असावी, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. माघात फंडाच्या कागदांवर सह्या करायला तो मुंबईला गेला आणि तिथून थेट दारूखान्यात. दारूखान्याला जुन्या बोटी तोडतात. भिकाजी खोबरेकर, पूर्वी त्याच्याबरोबर बोटीवर कोळसे मारणारा, तिथे एका शेठच्या वखारीवर राखणीला होता.

"काय व्हया ता बघ," भिकाजी म्हणाला. "अख्खी बोट हयसर उलटी करून टाकलेली आसा."

खरंच तसं होतं. गोल खिडक्या, न्हाणीची पांढरी टबं, मखमलीच्या खुर्च्या, पितळी घंटा, सगळं वाळूत पसरलेलं. त्या पसाऱ्याच्या टोकाला भटारखान्याचं सामान होतं. एक चूल बारा फुटांची, पाशिंजरांची, म्हणजे उतारूंची. तिच्या शेजारी तिची धाकटी बहीण, कप्तान आणि बड्या साहेबांचं वेगळं रांधण्यासाठी केलेली. पाचएक फूट लांब, कमरेइतकी उंच. वर चार तवे, खाली भाजण्याच्या दोन भट्ट्या, त्यांना पांढरा मुलामा दिलेली दारं. बोट हलली तरी टोप घसरू नयेत म्हणून वर चारही बाजूंनी पितळी कठडा. डाव्या अंगाला तांब्याची टाकी आणि तिला पितळी नळ. लवू बघतच राहिला. ज्या कारखान्याची ती चूल होती, त्याच कारखान्याच्या चुलीवर त्याने आठ वर्षं काढली होती.

पण वापरलेली वस्तू. नुसतं रूप बघून घेणाऱ्यातला लवू नव्हता. त्याने भिकाजीकडून पाना मागून घेतला आणि प्रत्येक तव्यावर हलकेच ठोकलं. तीन तवे घंटेसारखे वाजले, चौथा भदभदला. म्हणजे आत तडा. मग वर्तमानपत्राची पट्टी फाडून भट्टीच्या दारात धरली, दार लावलं आणि पट्टी ओढली. पट्टी फाटून हातात आली, तेव्हा त्याने मान डोलावली, दार घट्ट बसत होतं. आतल्या विटा बघितल्या, दोन भुगा झाल्या होत्या. टाकीत पाणी भरलं, तर बुडाच्या सांध्यातून थेंब थेंब गळायला लागलं.

शेठ पहिल्या वर्गाच्या मखमली खुर्चीवर छत्री धरून बसला होता. चूल विकायची तर लोखंड लोखंडाच्या वजनावर, तांबं तांब्याच्या आणि पितळ पितळेच्या, असं त्याचं म्हणणं. आजवर आलेल्या गिऱ्हाइकांनी नुसतं पितळच मागितलं होतं. लवू म्हणाला, "पेटवून बघितल्याशिवाय घेणार नाही." शेठला गंमत वाटली. त्याने हो म्हटलं.

मग लवूने फळकुटं घालून चूल पेटवली. तापली असं वाटल्यावर भिकाजीकडून मागून घेतलेला चिमूटभर मैदा डब्याच्या झाकणावर पसरला आणि झाकण भट्टीत सरकवून सावकाश शंभर अंक मोजले. झाकण बाहेर काढलं तर मैदा सारखा बदामी झाला होता, एका कडेला काळा नि एका कडेला पांढरा असं काही नाही. त्याला राहवेना. बाजारातून आणखी मैदा, साखर आणि डालडा आणवून त्याने तिथेच, तुटक्या बोटींच्या मधोमध, नानकटाई भाजली. शेठने तीन खाल्ल्या आणि चौथी कागदात बांधून घेतली. नंतर घासाघीस अशी झालीच नाही. तडकलेल्या तव्याऐवजी मोठ्या चुलीचा धड तवा मिळाला, दोन विटा बदलून आणि टाकीचा सांधा डाकवून मिळाला आणि नळ नि कठडा लोखंडाच्या भावात सुटले.

चुलीचे अकरा तुकडे केले. प्रत्येकावर लवूने खडूने आकडा घातला. सर्जेकोटच्या गुरुदास तांडेलाचं गलबत सिमेंट आणि कापड घेऊन मालवणला निघालं होतं. गुरुदास म्हणाला, "दी हाडून. तळाक वजन असला तर गलबत बरा चलता." लवू स्वतः आगबोटीने पुढे आला आणि चार दिवस रोज सकाळी बंदरावर जाऊन समुद्राकडे बघत बसला.

पाचव्या दिवशी गलबत लागलं. होडीतून किनारा, किनाऱ्यावरून बैलगाडी. गाडीचं चाक पुळणीत रुतलं, ते काढायला आठ माणसं लागली. बाजारातून गाडी जाताना लोक बाहेर येऊन बघत होते. कोणी म्हणालं तिजोरी आहे, कोणी म्हणालं लवू पराडकर भाताची गिरण टाकतोय. वायरीत पोचेपर्यंत त्याने बोटीचं इंजिनच आणलंय अशी खात्रीची बातमी गाडीच्या आधी घरी पोचली होती.

यशोदा खळ्यात पदर खोचून उभी होती.

"ह्या काय हाडलात?"

"चूल."

"चूल आसा माझी."

"ही बोटीवरची. विलायतेची. हेच्यात भट्टी आसा, गरम पाण्याची टाकी आसा, एकाच जाळार चार टोप रवतत."

यशोदेने गाडीभोवती एक फेरी मारली. पांढऱ्या दारावर बोट फिरवून बघितलं. मग तिने विचारलं, "हेच्यार आधी काय काय शिजला?"

साहेबलोकांच्या हजार प्रश्नांना लवूने चटकन उत्तरं दिली होती. या प्रश्नाला त्याच्याकडे एक उत्तर खरं होतं आणि ते सांगायचं धाडस होत नव्हतं. खोटं बोलणंही जमेना.

"साऱ्या जगाचा शिजला असतला," तो म्हणाला.

"तसा सांगा," यशोदा म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिने राख आणि चिंच घेऊन अकराच्या अकरा तुकडे घासायला घेतले, ते दोन दिवस घासत होती. तिसऱ्या दिवशी देवळातल्या भटांकडून तीर्थ आणून शिंपडलं. मग गणपत गवंड्याला मागच्या दारापाशी बोलावलं.

"माझी चूल हयसर. दीड हात जागा सोड."

"होय," गणपत म्हणाला.

लवू मालवणच्या बाजारात खिळे आणायला गेला होता, तेवढ्यात गणपतने मातीची चूल घालूनही टाकली. परत आल्यावर लवूने ती बघितली.

"ह्या नकाशात नव्हता."

"वहिनीन सांगल्यान."

"आणि मी काय सांगलंय?"

"तुमी सांगलात ताय केलंय. मोठी चूल थंयसर आसा मां," गणपत म्हणाला आणि थापी घेऊन पुढच्या कामाला लागला.

मोठी चूल पहिल्यांदा पेटवली त्या दिवशी घरातलं कोणी कोणाला दिसेना. धुराडं भिंतीतून बाहेर काढलं होतं, पण समुद्रावरचा वारा त्यात शिरून सगळा धूर परत आत ढकलत होता. यशोदा डोळे पुसत विहिरीपाशी जाऊन बसली. मग त्याला बोटीवरच्या वाऱ्याच्या नळ्या आठवल्या, वाऱ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या. रॉकेलचा डबा कापून त्याने वाकड्या मानेची टोपी केली, धुराड्यावर बसवली आणि तिचं तोंड जमिनीकडच्या बाजूला फिरवलं. धूर बाहेर जायला लागला. कोळसा मालवणात कुठून मिळणार? पण नारळाच्या करवंट्या सुक्या असल्या की कोळशासारख्या जळतात. आणि करवंट्यांना वायरीत तोटा नव्हता.

चैत्रात नव्या स्वयंपाकघराची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी लवूने भाऊबंदांना जेवायला बोलावलं. बारा-चौदा पानं. त्याने यशोदेला सांगून टाकलं, "आज तुया बस. आज मी रांधतंय." पांढरं दुधाचं सूप, आख्ख्या कोंबड्या बटाट्यांबरोबर भट्टीत भाजलेल्या आणि शेवटी जळक्या साखरेचं पुडिंग. एकतीस वर्षांत त्याच्या हाताला जेवढी कला आली होती तेवढी सगळी त्या दिवशी त्याने त्या चुलीवर ओतली.

माणसं शिस्तीत जेवली. सूप पिताना एकमेकांकडे बघत होती. कोंबडी खाल्ली. पुडिंग लहान मुलांसारखं चाटून संपवलं. मग लवूचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं घर भाई म्हणत असे, त्यांनी घसा साफ केला.

"लवू, भात कधी येतलो?"

भात नव्हताच. लवू उभाच राहिला. तेवढ्यात मागच्या दाराकडून यशोदा आली, तिच्या हातात भाताचा टोप, मागून जावेच्या हातात बांगड्यांच्या तिखल्याची, म्हणजे झणझणीत कालवणाची मडकी. सकाळीच तिने आपल्या चुलीवर सगळं करून झाकून ठेवलं होतं. पानं नव्याने भरली. भाई दोनदा भात घेऊन म्हणाले, "आता जेवल्यासारख्या वाटला."

सगळे हसले, लवूही हसला. मग तो विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने यशोदा ताटली घेऊन आली. तिने त्याच्यासाठी कोंबडीची तंगडी बाजूला काढून ठेवली होती.

"कोंबो बरो झालो," ती म्हणाली. "मी खाल्लंय. पण लोकांका भात व्हयो."

"माका आधी सांगूक होया होता."

"सांगलेला तुमी आयकला असता?"

लवूने तंगडी खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून मोठी चूल बंद पडली. यशोदेने तिच्यावर सुपं-टोपल्या ठेवायला सुरुवात केली. लवू बंदरावर जाऊन बसू लागला. घरात आपण अजून रजेवरच आहोत, असं त्याला वाटायचं.

जेठात पाऊस लागला आणि आषाढाच्या सुरुवातीला जानकी बाळंतपणाला माहेरी आली. पहिली खेप. मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. पण त्या वर्षी पावसाने उसंत म्हणून दिली नाही. लाकडं ओली, शेणी ओल्या, मातीची चूल धूर ओकायची आणि पाणी काही तापायचं नाही. बाळंतिणीला सकाळ-संध्याकाळ कढत पाणी हवं, तान्हीला हवं. न्हाऊ घालायला येणारी हौसाबाई रोज पायरीवर तिष्ठत बसायची. आणि लंगोट, दुपटी सुकायची कुठे?

चौथ्या दिवशी यशोदा लवूसमोर येऊन उभी राहिली.

"त्या तुमच्या टाकयेत पाणी खरांच तापता?"

लवू उठला. मोठ्या चुलीवरच्या सुपं-टोपल्या त्याने एकेक करून खाली ठेवल्या, पोटमाळ्यावरच्या कोरड्या करवंट्या काढल्या आणि चूल पेटवली. हौसाबाईचं तेल चोळून होईपर्यंत टाकी कढत झाली होती. तिने नळाखाली कळशी धरली, नळ फिरवला आणि वाफ आली तशी मागे सरली.

"लवूदादा, ह्या आधी खंय दडयला होतास?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून चूल रोज पेटू लागली. पितळी कठड्यावर लंगोटांची रांग लागली. टोप घसरू नयेत म्हणून केलेला तो कठडा, त्याच्यावर साहेबांच्या बोटीत कधी कोणी लंगोट वाळवला नसेल. लवू पहाटे उठून जाळ करायचा, राख काढायचा, टाकी भरायचा. जानकीला पहिल्यांदाच बापाचा हात कामात दिसत होता. तिच्यासाठी तो लोणी लावलेले पावाचे तुकडे भट्टीत खरपूस करून द्यायचा आणि चहात बुडवून ती ते खायची.

एका पहाटे तो उठला तर चूल पेटलेली. धुराड्याची झडप बरोबर अर्धी लावलेली, जाळ मंद आणि सारखा. झडपेचं गणित समजायला त्याच्या हाताखालच्या माणसांना महिना लागायचा. यशोदा टाकीत पाणी ओतत होती.

"कोणी शिकयला?" त्याने विचारलं.

"शिकवक कित्याक व्हया? एकतीस वर्षां मी पण चूलच पेटयतंय."

हौसाबाई दहा घरी जाणारी. तिने दहा घरी सांगितलं. आठवड्याभरात शेजारणी यायला लागल्या. कोणाचे पापड सादळले होते, कोणाची कोकमं, कोणाच्या आगपेट्या. भाईंच्या सुनेने सुक्या गोलम्याची टोपली आणली. गोलमे म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी, चवीला स्वर्ग, वासाला विचारू नये. लवूचं तोंड वाकडं झालं.

"साहेबांच्या भट्टीत गोलमे?"

"साहेब खंय आसा?" यशोदा म्हणाली. "तो गेलो विलायतेक. गोलमे हयसर आसत."

मग लवूने कायदा केला. डावी भट्टी मासळीची, उजवी पापड, कोकम आणि सांडग्यांची. करवंट्या ज्याच्या त्याने आणायच्या. कायदा करायला त्याला बरं वाटलं. दुपारी बायका पायरीवर बसून गप्पा मारायच्या आणि तो मधूनमधून भट्टीचं दार उघडून "आजून पाच मिनटां" म्हणायचा. बंदरावर जाऊन बसायला त्याला वेळच उरला नाही.

भाद्रपद आला. परसातल्या वेलीवर हातभर लांब तवशी लटकत होती, म्हणजे त्या पावसाळी मोठ्या काकड्या. यशोदा दर चतुर्थीला तवशाचं धोंडस करायची. तवसं किसायचं, भाजलेला रवा, गूळ, खोबरं घालून टोपात थापायचं, खाली मंद निखारे आणि वर झाकणावर निखारे ठेवून भाजायचं. चवीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण निखारे वरखाली झाले की वरची बाजू करपायची आणि पोट कच्चं राहायचं. दर वर्षी ती त्यासाठी निखाऱ्यांना बोल लावायची.

लवू बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "माका दी वाईच. भट्टीत करून बघतंय."

यशोदेने विचार केला. "गणपतीचा माझ्या चुलीर. उरलेला तुमका."

नैवेद्य तिने आपल्या चुलीवरच केला. मग उरलेलं मिश्रण तिने लवूच्या पुढे सरकवलं. त्याने उजव्या भट्टीत झाकणावर मैदा पसरून ठेवला आणि अंक मोजायला लागला.

"ह्या काय करतास?" यशोदेने विचारलं.

"शंभर मोजीपर्यंत मैद्याक बदामी रंग इलो तर जाळ बरोबर. काळो झालो तर चड."

"आणि पांढरो रवलो तर?"

"मगे अजून करवंट्यो."

ती तिथेच उभी राहून त्याच्याबरोबर मोजत राहिली. मैदा बदामी झाला. टोप आत गेला. पाऊण तासाने लवूने दार उघडलं तेव्हा धोंडस फुगून वर आलं होतं, कडेपासून मध्यापर्यंत एकच सोनेरी रंग, गुळाचा वास घरभर. यशोदेने उभ्या उभ्या एक तुकडा कापून खाल्ला. दुसरा कापला.

"पुढच्या खेपेक गूळ कमी व्हयो," ती शेवटी म्हणाली. "हेच्यात गोडसाण चड लागता."

"गूळ तू बघ. जाळ मी बघतंय."

"बरा."

त्या चतुर्थीला घरी आलेल्या प्रत्येकाने ते धोंडस खाल्लं. पुढच्या वर्षी बाजारातल्या चार घरांतून टोप आले, मग गुळा-तवशासकट टोप येऊ लागले. साठ-एकसष्ट सालापर्यंत चतुर्थीच्या आधीचे दोन दिवस पराडकरांच्या मागल्या दाराशी टोपांची रांग लागायची आणि कोणाचा टोप कोणता ते ओळखायला यशोदा बुडाला चुन्याने खुणा करायची. लोक पैसे विचारायचे. ती म्हणायची, "करवंट्यो हाडा." भाईसुद्धा स्वतः करवंट्यांची पाटी घेऊन यायचे आणि भट्टीपुढे खुर्ची टाकून बसायचे. लवूने त्यांना पुन्हा एकदा सूप पाजलं, या वेळी वाटीभरच, भाताच्या आधी. भाई म्हणाले, "ह्या चांगला लागता. तेव्हा कित्याक नाय लागला काय कळणा नाय."

रोजचं तिखलं मातीच्या चुलीवरच व्हायचं. मोठ्या चुलीवर भात, कढण, पाणी. दोघं एकाच खोलीत पाठीला पाठ लावून काम करायची आणि दिवसातून दोन-तीनदा मिठावरून किंवा करवंट्यांवरून वाजायचं. लवूचा कांदा यशोदेला फार बारीक वाटायचा. तिचा त्याला फार जाड. एक टोप दोघांनी मिळून चाखल्याशिवाय उतरत नसे.

त्रेसष्ट साली वेंगुर्ल्याहून बातमी आली की तिथे एक मोठे अधिकारी बदली होऊन चालले आहेत आणि त्यांचं रॉकेलवर चालणारं थंडीचं कपाट विकायला आहे. लवूने मागल्या भिंतीलगतची जागा दोरीने मोजून ठेवली.

"जावया," यशोदाच म्हणाली. "बघूक काय पैशे पडणत नाय."

एस.टी.ने कुडाळ, तिथून वेंगुर्ले. अधिकाऱ्यांच्या बायकोने चहा दिला. कपाट पांढरंशुभ्र, पुरुषभर उंच. लवू गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकला आणि बुडातली वात बघायला लागला. यशोदेने दार उघडलं, आत डोकं घालून वास घेतला, मग ऑफिसातल्या माणसासारख्या शुद्ध भाषेत बाईंना विचारलं, "रॉकेल किती लागतं हो याला?"

"लागतं थोडंसं," बाई म्हणाल्या. "पण फार उपयोगी आहे. पाणी काय गार होतं."

"मग तुम्ही बरोबर का नेत नाही?"

बाई हसल्या. त्यांना बोलायला कोणीतरी हवंच होतं बहुतेक. जरा तिरपं झालं की ते थंड होत नाही, वात रोज कापावी लागते, घरातला अर्धा डबा रॉकेल तेच पितं आणि नवऱ्याचं त्यावर प्रेम आहे म्हणून इतकी वर्षं ठेवलं, असं त्यांनी सगळं सांगून टाकलं.

यशोदेने लवूकडे बघितलं. "आमच्या दारार रोज ताजी मासळी येता," ती हळूच म्हणाली. "हेच्यात ठेवतलास काय?"

"थंड पाणी."

"तुमका लगेच सर्दी होता."

लवूने वात पुन्हा एकदा बघितली आणि सावकाश उभा राहिला. मनातल्या मनात ती जागा त्याने सोडून दिली. फार वाईट वाटलं नाही. निघताना यशोदेला ओट्यावर मुलाम्याच्या सहा खोल ताटल्या दिसल्या, निळ्या काठाच्या, एकीचा टवका उडालेला. बाई त्यांत विलायती केक भाजायच्या. यशोदेने प्रत्येक ताटली उजेडाकडे धरून बघितली, भोक कुठे नाही याची खात्री केली आणि सहाच्या सहा घेतल्या. टवक्यासाठी भावात थोडं सोडवूनही घेतलं.

परतीच्या एस.टी.त लवू खिडकीला डोकं टेकून झोपी गेला. ताटल्या यशोदेच्या मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेल्या होत्या आणि गाडी खड्ड्यात गेली की खणखणायच्या. पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून विचारलं की हे काय घेतलंत. यशोदेने गाठ सोडून एक ताटली बाहेर काढून दाखवली आणि तवसं किती किसायचं, रवा किती भाजायचा ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.